करिष्माच्या आईचं लग्न

करिष्मानं सुट्टी मागितली तेव्हा भारतीय महिला क्रिकेट संघाच्या मॅनेजरबाईंना वाटलं, पोरगी थट्टा करतेय.

"शादी है? किसकी?"

"आईची."

मॅनेजरबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. मग आवाज खाली आणून, दुःखद बातमी विचारावी तसं त्यांनी विचारलं, "दूसरी शादी?"

"नाही मॅडम, पहिलीच. बाबांशीच."

मॅनेजरबाईंनी तारखा वहीत लिहून घेतल्या. मग म्हणाल्या, "ठीक है. जाओ. लेकिन फोटो भेजना."

करिष्माचा पाडा जामसरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर. वारल्यांची घरं, खाली भाताची खाचरं, वर नागलीची वरकस जमीन. इथं मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली आणि घरच्यांनी मान हलवली की संसार सुरू होतो. लग्न मागाहून, गावाला जेवण घालायची सोय झाली की. कोणाचं पोरं झाल्यावर लागतं, कोणाचं नातवंडं झाल्यावर. त्यावरून कोणी नाक मुरडत नाही. फक्त एका जागी अडतं. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक काढतात. तो काढायचा मान लग्न लागलेल्या सवाष्णींचा.

करिष्माच्या आईचं, गौराचं, लग्न लागलेलं नव्हतं. पाड्यावर तिच्याइतका बारीक हात कोणाचा नाही. स्वतःच्या घराच्या कुडावर ती मोर काढायची, भात लावणाऱ्या बाया काढायची. एकदा तर एसटीसुद्धा काढली होती, कंडक्टरसकट. पण दुसऱ्याच्या लग्नघरात ती बाहेर पडवीत बसून चौकासाठी तांदूळ कुटून द्यायची. आत बाया रेघा ओढायच्या, आणि गौरा दारातून मान वाकडी करून बघायची.

"हिराबाय, ती रेघ खाली चाललीय गं."

"तू तांदूळ कूट," आतून हिराबाई म्हणायची. हिराबाई शेजारीण. तिचा हात जाड आणि तोंड त्याहून जाड.

गौराला दुसरं काही नको होतं. साडी नको, दागिना नको. एकदा आत जाऊन पहिली रेघ आपण ओढावी, एवढंच तिच्या मनात होतं. नवऱ्यापाशी, जिवापाशी, तिनं ते बोलून दाखवलं होतं. जिवा हो म्हणाला होता. जिवा सगळ्यालाच हो म्हणतो.

दिवाळीनंतर पाड्यावरची माणसं भिवंडीकडे, वसईकडे कामाला जातात आणि होळीला परततात. हाती थोडं काही असतं, शेतात काम नसतं, म्हणून लग्नं चैत्र-वैशाखात. आणि क्रिकेटची शिबिरं, निवड चाचण्या, जे काय असतं ते सगळं उन्हाळ्याच्या सुट्टीत. गौराच्या लग्नाचं घोडं अडलं ते इथं.

करिष्माचं क्रिकेट आश्रमशाळेमागच्या उतारावर सुरू झालं. मैदान म्हणावं असं काही नव्हतं. चेंडू कीपरच्या हातून सुटला की थेट ओहोळात. जो टाकेल त्यानंच तो खाली उतरून आणायचा असा नियम होता. बाकीची पोरं जोर दाखवायला वेगात टाकायची आणि दिवसभर चढ-उतार करायची. करिष्मानं एकदोनदा उतरून पाहिलं, आणि हळू टाकायला लागली. हळू टाकलेल्याला पोरं ठोकून काढतात हे कळल्यावर चेंडू बोटांनी वळवायला लागली. तिच्या ऑफस्पिनचं मूळ एवढंच, ओहोळात उतरायचा कंटाळा. फलंदाजीचंही तेच. खाली मारलेला चेंडू हरवायचा आणि हरवणारा बाद, म्हणून ती चढाकडे, सरळ मारायला शिकली.

खेळ शिकवणारे संदीप सर म्हणाले, "ही ऑलराउंडर आहे."

गौरानं विचारलं, "म्हणजे काय ओ?"

"म्हणजे बॉलिंग पण करते, बॅटिंग पण, फिल्डिंग पण."

"मग त्याला येवढं नाव कशाला? घरातली बाय काय करते?" गौरा म्हणाली.

करिष्मा आठवीत असताना गौराच्या लग्नाचा बोकड तयार होता. चांगला काळा, शिंगं वळलेली. सगळे त्याला 'नवरदेव'च म्हणायचे. त्याच वर्षी संदीप सर सांगत आले, पालघरला निवड आहे, सीझन बॉलनं खेळायचं, पॅड, हातमोजे, बूट लागतील. जव्हारच्या बाजारात नवरदेव विकला गेला. करिष्माला सांगितलं, तो आजारी पडला होता. ती त्याच्यासाठी रडलीसुद्धा, त्याच्याच पैशानं आलेले बूट घालून.

दुसऱ्यांदा तारीख ठरली तेव्हा एकोणीस वर्षांखालच्या मुलींचं पुण्याला महिनाभर शिबिर लागलं. जिवा म्हणाला, "आपण उरकून घेऊ." गौरा म्हणाली, "पोर नसताना? मांडवात मग मी काय हिराबायला बघून नाचू?" लग्न पुढं गेलं.

तिसऱ्यांदा तर मांडव उभा होता. वर जांभळीच्या डहाळ्या टाकून झाल्या होत्या, आणि संध्याकाळी करिष्माचा फोन आला. भारताच्या संघात नाव आलंय, परवा श्रीलंकेत पहिला सामना. "आये, तुमचं काय ठरलं होतं ना?" तिनं विचारलं. "कसलं काय," गौरा म्हणाली, "तुझ्या बाला अजून सदराच मिळाला नाय." मग त्याच मांडवात टीव्ही आणून ठेवला. सगळा पाडा जमला. करिष्मा पहिल्याच चेंडूवर बाद झाली. मांडवात अशी शांतता पसरली की हिराबाईच्या कोंबड्या ऐकू यायला लागल्या. नंतर तिनं एक बळी घेतला आणि तारपा वाजला. गौरानं लग्नाचे तांदूळ शिजवून सगळ्यांना जेवू घातलं.

पुढं करिष्मा बऱ्यापैकी खेळली. फार मोठं नाव झालं असं नाही. सातव्या क्रमांकावर यायची, गरजेला पंचवीस-तीस धावा करायची, मधली षटकं टाकायची. शतकाचा फोटो हिचा कधी आला नाही, पण जिंकलेल्या सामन्याच्या फोटोत कडेला ही असायचीच. जव्हारच्या एसटी स्टँडवर लोक तिला ओळखून म्हणायचे, "ती नाय का, आपली, सरळ मारणारी." घराचा पत्रा गेला, कौलं आली, गौराला गॅसची शेगडी आली. लग्नाचं मात्र आता कोणी बोलत नव्हतं. करिष्माची समजूत, आईबापाला त्यात गोडी नाही.

गेल्या हिवाळ्यात झेल घेताना तिचं बोट मोडलं आणि ती बरेच दिवस घरी राहिली. चैत्रात पाड्यावरच्या एका लग्नाला गेली. बघते तर आत बाया चौक काढतायत आणि आई पडवीत मुसळ घेऊन. लहानपणापासून हेच बघितलेलं, म्हणून कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"आये, तू आत का नाय जात? तुझा हात तर सगळ्यांत चांगला."

गौरा कुटत राहिली. उत्तर गोजाबाईनं दिलं. गोजाबाई म्हणजे धवलेरी. वारल्यांची लग्नं ती गाणी म्हणून लावते, तिच्याशिवाय लग्न लागत नाही. ती तंबाखू मळत होती.

"ती कशी आत जाईल? तिची हळद कुठं झालीय? एकदा तुझ्या बुटात गेली, एकदा पुण्याला गेली, एकदा सिलोनला."

"गोजाबाय, गप बस," गौरा म्हणाली.

"मी गप बसले तर लग्नं कोण लावील?"

करिष्मानं सगळं काढून घेतलं, बोकडापासून. मग घरी जाऊन बापापुढं उभी राहिली. "बा, वैशाखात तुमचं लग्न."

जिवा हो म्हणाला.

बोट सांधलं, सराव सुरू झाला. निवड समितीनं तिला एका मालिकेपुरतं बाहेर ठेवलं होतंच, त्या दिवसांत तिनं मॅनेजरबाईंकडे सुट्टी मागून ठेवली. लग्न शनिवारी ठरलं. शुक्रवारी सकाळी बाया जमल्या, हिराबाईनं जिवाच्या घरात चौक काढला. रेघ खाली जात होती, पण नवरी असल्यामुळं गौराला बोलता येईना. मग हळद लागली. करिष्मानं आईच्या तोंडाला, हातापायाला दोन्ही तळव्यांनी चोळचोळून हळद लावली.

"हळू गं, मी काय चेंडू आहे?" गौरा म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. मॅनेजरबाई. संघातल्या ऑलराउंडर मुलीचा अंगठा सुजलाय, रविवारी नवी मुंबईत सामना, शनिवारी सकाळी सरावाला हजर हवी. गाडी निघालीच आहे, संध्याकाळपर्यंत पाड्यावर येईल. आणि मग मॅनेजरबाई मराठीत, अगदी सावकाश म्हणाल्या, "करिष्मा, आता नाही आलीस तर मला पुढचं सांगता येणार नाही."

करिष्मा फोन धरून उभी राहिली. काय झालं ते मांडवात सगळ्यांना कळलं. गौरा उठली, पदरानं तोंडावरची हळद पुसायला लागली. तिला सवय होती.

"जा तू. आपण पुढल्या वर्षी बघू."

"पुसू नको!" करिष्मा इतकी मोठ्यानं ओरडली की तारपावाला दचकला. "आये, पुसू नको. तू नाय बसलीस तर मी नाय जाणार. मी इथंच हळू बॉल टाकत बसेन."

"येडी झालीस? एवढं नाव केलंस ते—"

"गोजाबाय, लग्न आज लागंल का?"

गोजाबाईनं तंबाखू थुंकली. "गाणं काय तोडता येत नाय. सगळं म्हणावं लागतं, देवीचं, पाण्याचं, कणगीचं."

"मग?"

"मग लवकर सुरू करता येतं. चौक सुकलाय. नवरी पिवळी झालीय. नवरा कुठाय?"

नवरा उद्याच्या पंगतीसाठी पळसाची पानं आणायला डोंगरात गेला होता. हिराबाईचा नवरा सावळा त्याला शोधायला धावला. गौराच्या माहेरची माणसं मोखाड्याकडून उद्या यायची होती. त्यांना फोन गेले, तीही मिळेल त्या टेम्पोत बसून निघाली. भात चढवला, डाळ चढवली. जिवा पानांचा भारा डोक्यावर घेऊन आला तो थेट मांडवात, भारा खाली उतरवला आणि बाशिंग वर चढलं. "आंघोळ तरी?" तो म्हणाला.

"एवढी वर्षं तसंच पाहिलंय तुला," गौरा म्हणाली. "बस."

गोजाबाईनं सूर लावला. म्हातारीचा आवाज एरवी चिरका, पण त्या दुपारी तिनं एक ओळ सोडली नाही. मध्ये पाणीसुद्धा मागितलं नाही. गाडी आली तेव्हा कणगीचं गाणं चालू होतं. ड्रायव्हर उमेश ठाण्याचा, त्यानं घड्याळ दाखवायला हात वर केला आणि हिराबाईनं त्या हातात पत्रावळ दिली. ऊन कलताना अक्षता पडल्या. करिष्मा आईबापाच्या पाया पडली. गौरा रडली, जिवाही रडला, आणि उमेशनं दुसऱ्यांदा भात घेतला.

रविवारी करिष्मा अकरांत होती. पाड्यावर त्या दिवशी सावळाच्या घरी त्याच्या भाचीच्या लग्नाची तयारी चालली होती. पडवीत कुडाला मोबाईल टेकवून सगळे सामना बघत होते. चौदाव्या षटकात करिष्माच्या हाती चेंडू आला. पहिले दोन चेंडू बरे गेले. तिसरा टाकण्याआधी अंपायरबाईंनी चेंडू मागून घेतला, डोळ्यांपाशी नेऊन फिरवला. पांढऱ्या चेंडूवर एका बाजूला पिवळं. त्यांनी करिष्माचा हात उलटा करून पाहिला. तळवा घामानं ओला आणि हळदीनं पिवळाधमक. करिष्मा काहीतरी सांगायला लागली. शब्द ऐकू येत नव्हते, पण ती काय सांगतेय ते पाड्यावर सगळ्यांना कळलं. अंपायरबाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी काहीतरी विचारलं, करिष्मानं मान हलवली. मग त्या इतक्या हसल्या की टोपी सावरावी लागली. टॉवेल आला, हात पुसला, चेंडू पुसला.

"गौरे!" जिवा पडवीतून ओरडला. "बाहेर ये! तुझी हळद टीव्हीवर आलीय! पोरगी टाकतेय!"

आत भिंतीपुढं गौरा उकिडवी बसली होती. हातात बांबूची काडी, समोर कालवलेलं पीठ. पहिली रेघ अर्ध्यावर आली होती, दोरी धरल्यासारखी सरळ. दारात हिराबाई तांदूळ कुटायचं सोडून मान वाकडी करून बघत होती.

"टाकू दे," गौरा म्हणाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. "माझं काम चाललंय."