अनोळखी नंबर

आमच्या ह्यांनी बँकेत उभी हयात घालवली आणि निवृत्त झाल्यावर एकच व्रत घेतलं: अनोळखी नंबरचा फोन उचलायचा नाही. त्यांच्या ओळखीतल्या एका शिक्षकांना कुणीतरी लिंक पाठवून पुरतं धुऊन नेलं होतं. तेव्हापासून हे सगळ्या भवानी पेठेला शहाणं करत सुटले होते. सकाळी फिरायला येणारी मंडळी, दूधवाला, मी, सगळ्यांना एकच धडा. मेसेजमध्ये ‘तातडीने’ हा शब्द दिसला की समजायचं, पलीकडे चोर बसलाय. मी शाळेत जन्मभर गणित शिकवलं, पण घरात शिकवायचा मान त्यांचाच.

गाडी घेतली ती मुलीसाठी. मुलगी नातेपुत्याला दिलीय. पहिल्या खेपेला तिचं तिसऱ्या महिन्यात गेलं. त्यानंतर आमच्या घरात त्यावर कुणी बोललं नाही. जेवताना कुणी एखाद्या बारशाचा विषय काढला तरी हे ताटावरून उठायचे. पुन्हा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, धक्के अजिबात नकोत. सातव्यात तिला माहेरी आणायचं होतं आणि मधे तो सगळा रस्ता. ह्यांनी पार पुण्याला जाऊन तिथल्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडून त्यांची वापरलेली गाडी आणली. ती पेट्रोलवर चालते, बॅटरीवरही चालते, आणि बॅटरी घरच्या प्लगवर चार्ज करायची. हळू असली की बॅटरी, वेगात असली की पेट्रोल. कधी काय वापरायचं ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवणार, आपण फक्त बसायचं.

खिडकीतून वायर सोडून हे गाडी चार्जिंगला लावायचे तेव्हा गल्लीतली पोरं बघत उभी राहायची. शेजारीण म्हणाली, “गाडी काय मोबाईल हाय का वो काका?” ह्यांना भारी अभिमान. मला मात्र ती गाडी पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तिला आवाजच नव्हता. गाडी चालू आहे की बंद हे कळायला समोरच्या काचेच्या पाटीकडे बघावं लागायचं, आणि मला आवाज न करणाऱ्या वस्तूंची भीती वाटते.

मुलीला आणायच्या आधी ह्यांच्या मोबाईलवर एक मेसेज आला. आपल्या वाहनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष आढळला आहे, चालत्या गाडीची ताकद अचानक जाऊ शकते, तातडीने खालील लिंकवर नोंदणी करून दुरुस्तीसाठी वाहन परत आणा. ह्यांनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला, शाळेत चुकलेलं गणित फळ्यावर मांडून दाखवतात तसा. “बघ. दोष म्हणे. तातडीने म्हणे. आता गाडीचं नाव घेऊन लुटायला लागले.” मग फोन येऊ लागले. हे कापत गेले. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून यायचा. मी एकदा म्हटलं, खरंच काही असेल तर? त्यावर माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मी उठून पोळ्या लाटायला गेले. खरं सांगायचं तर मलाही ते चोरच वाटत होते.

नातेपुत्याला जेवणं झाली, ओटी भरली. निघताना मुलीच्या सासूबाई खिडकीशी आल्या. “नदी वलांडताना तिच्या हातनं पैसा टाकायचा बरं का. पोटुशी बाई तशीच न्यायची न्हाय. इसरू नका.” ह्यांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, पण या खेपेला त्यांनी मुकाट्यानं मान डोलावली. त्या मानेतच मला त्यांची भीती दिसली. आम्ही दोघंही घाबरलेलो होतो, फक्त एकमेकांना सांगत नव्हतो.

माळशिरस मागे पडलं. मुलगी मागच्या सीटवर डाव्या बाजूला, मी तिच्या शेजारी. तिच्या पाठीशी मी घरून आणलेली उशी होती. उसाचे दिवस, त्यामुळे रस्ताभर ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन-दोन ट्रॉल्या आणि कानठळ्या बसवणारी गाणी. एखादा शेजारून गेला की माझा हात आपोआप तिच्या पोटापुढे जायचा. ती हसायची. “आई, तू काय ट्रॉली हातानं थांबवणार आहेस?”

भीमेचा पूल आला. ह्यांनी गाडी हळू केली, मुलीनं काच खाली घेतली आणि नाणं टाकलं. आम्ही तिघांनीही हात जोडले, ह्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून कपाळाला लावला. मग त्यांनी गाडी पुढे घ्यायला पाय दाबला आणि गाडी पुढे गेली नाही. समोरची पाटी लाल झाली, मग काळी. गाडी थोडी घरंगळली आणि पुलावरच, ऐन रस्त्यात उभी राहिली.

ह्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मागून एक ट्रक हॉर्न देत शेजारून गेला आणि सगळी गाडी हलली. “काही नाही, होईल,” हे म्हणाले, पण आवाज त्यांचा नव्हता. मागे वळून बघितलं तर पूल सुरू होतो ते वळण अगदी जवळ होतं. मागून येणाऱ्याला आम्ही अगदी जवळ आल्याशिवाय दिसणार नव्हतो.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. ह्यांनी सवयीनं कापला. लगेच परत वाजला. परत कापणार तेवढ्यात मी पुढे वाकून त्यांच्या हातातून फोन घेतला.

पलीकडे एका मुलीचा आवाज होता. तिनं गाडीचा नंबर सांगितला. मग म्हणाली, “मॅडम, तुमची गाडी आत्ता नदीच्या पुलावर बंद पडली आहे ना?”

ह्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “कळलं? त्यांनीच बंद पाडली. आता पैसे मागतील. ठेव तो फोन.” मलाही तसंच वाटलं, हे मी कबूल करते. आम्ही कुठे आहोत हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तो आवाज शांत होता, फार शांत, आणि ह्यांनी शिकवलं होतं की चोर असाच शांत बोलतो.

“गाडीत किती जण आहात?”

“तिघं,” मी म्हटलं. का सांगितलं माहीत नाही.

“गाडी स्वतःच आम्हाला कंपनीत कळवते, मॅडम. हा तोच दोष आहे, आम्ही तुम्हाला बरेच दिवस फोन करतोय. आता गाडी चालू करत बसू नका. तिघंही कठड्याच्या बाजूनं उतरा आणि गाडीच्या पुढे चालत जा, लांब. गाडीजवळ थांबू नका.”

“उतरू नको,” हे म्हणाले. “गाडी सोडायला लावतात आणि मग...” मग काय, हे त्यांनाही सांगता येईना. पुलावर कोण येणार होतं गाडी पळवायला, आणि पळवणार कशी? पण भीतीला एवढा विचार कुठला. त्या क्षणी माझ्यापुढे दोन भीती होत्या, एक फोनमधली आणि एक मागच्या वळणावरची, आणि मुलीचा हात माझ्या हातात गार पडला होता. मागून गाण्याचा आवाज येऊ लागला. मी दार उघडायला सांगितलं. मुलगी उतरली, तिच्यामागून मी. ह्यांना मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, “उतरा.” आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजात त्यांच्याशी बोलले. ते शेजारच्या सीटवरून सरकत डाव्या दारानं बाहेर आले.

आम्ही कठड्याला धरून चालू लागलो. मुलगी मधे. तिला पळता येत नव्हतं आणि मला तिला ओढायचं धाडस होत नव्हतं. गाणी मोठी होत गेली. मी मागे बघितलं नाही. ट्रॅक्टरवाल्यानं शेवटी आम्हाला पाहिलं असावं, कारण ब्रेकचा किंचाळल्यासारखा आवाज झाला, आणि मग एक दणका, माझ्या पायाखालचा पूल हादरला.

ट्रॅक्टर गाडीला चुकवून गेला होता. मागची ट्रॉली नव्हती चुकवू शकली. ती वळून गाडीच्या कोपऱ्यावर बसली आणि गाडीला ढकलत कठड्यावर घेऊन गेली. मागचं डावं दार आत गेलं होतं. खिडकीतून माझी उशी अर्धी बाहेर आली होती आणि सगळीकडे ऊस पडला होता. ट्रॅक्टरवाला उतरून धावत आला, गाडीत डोकावला आणि तिथंच मटकन खाली बसला. “आत कोन न्हाय,” तो म्हणाला, पुन्हा पुन्हा तेच. गाणं चालूच होतं.

ह्यांनी मुलीला जवळ घेतलं. मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि वाट बघत राहिले. काहीच नाही. मग आतून एक लाथ बसली, चांगली जोरात. मुलगी रडायला लागली.

फोन अजून माझ्या दुसऱ्या हातात होता आणि त्यातून आवाज येत होता. “मॅडम? मॅडम, ऐकू येतंय का? तिघंही बाहेर आहात ना?”

“चौघं,” मी म्हटलं. “चौघं बाहेर आहोत.”

मग ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला, आणि अनोळखी नंबरवरच्या त्या मुलीला पुन्हा सांगितलं, “चौघं. चौघं आहोत.”