कमी तेल पिणारं इंजिन

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकच यंत्र हौसेने विकत घेतलं, आणि त्यासाठी ते दोन महिने टेबलफॅन बगलेत मारून हिंडले. घरात एकोणीस वर्षांची, नुकतीच प्राथमिक शाळेत नोकरीला लागलेली मुलगी होती, म्हणजे मी. त्या वयाच्या मुलीचे वडील स्थळं बघत हिंडतात. माझे वडील इंजिनं बघत होते. नातेवाइकांना त्याचं फार वाईट वाटे, मला मात्र मुळीच वाटलं नाही.

इंजिन हवं होतं ते आईसाठी. आईला दमा होता. बहुतेक पहाटेच तिला श्वास लागायचा. मग ती मांडीवर दोन उश्या घेऊन, पुढे वाकून बसायची आणि पंख्याचा वारा तोंडावर घ्यायची. वारा लागला की श्वास लवकर बसतो, हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं. पनवेलला तेव्हा वीज येऊन काही वर्षं झाली होती, पण तिचं येणं-जाणं तिच्या मर्जीवर असे. लाइट गेली की पंखा थांबायचा आणि आईच्या छातीतली शिट्टी सगळ्या घराला ऐकू यायची. वडील आणि मी आळीपाळीने पुठ्ठ्याने वारा घालायचो. एका पहाटे आमच्या दोघांचेही हात भरून आले, लाइट काही येईना आणि कंदिलाच्या उजेडात आईचे ओठ निळे दिसायला लागले. त्या दिवशी सकाळी चहा घेता घेता वडील म्हणाले, वीज घरातच करायची.

वडील गणिताचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. मूळचे देशावरचे, बदली होऊन पनवेलला आले आणि इथेच राहिले. कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा बाणा. वीज करणारं लहान इंजिन रॉकेलवर चालतं हे त्यांना कळलं, आणि रॉकेल तर रेशनवर. इंजिनाने जास्त प्यायलं तर स्टोव्ह उपाशी राहणार. तेव्हा पंखा फिरवील आणि तेल कमीत कमी पिईल असंच यंत्र घ्यायचं ठरलं. माप म्हणून त्यांनी आईच्या औषधाची रिकामी बाटली घेतली. डोस कळावेत म्हणून कंपाउंडर बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून देत, ती पट्टी तिच्यावर होती. तेवढ्या बाटलीभर तेलात पंखा किती वेळ फिरतो, ते घड्याळ लावून बघायचं.

दुसऱ्याच्या पंख्यावरची परीक्षा त्यांना मान्य नव्हती. म्हणून आमचा पंखा जुन्या चादरीत गुंडाळून त्यांच्याबरोबर जायचा. ज्या पंख्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच घरात नाही, हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले की, आईला बरं असेल त्याच दिवशी मी जातो, आणि दिवेलागणीच्या आत परत येतो. ते खरं होतं.

पहिलं इंजिन पाहिलं ते लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावणाऱ्याचं. ते नुसत्या पेट्रोलवर चालायचं, आणि वडील म्हणाले की ते पीत नाही, ढोसतं. दुसऱ्यासाठी ते पंखा घेऊन मोटारीने थेट करंजाला गेले. तिथे एका होडीवाल्याकडे मासळीच्या लिलावाला दिवे लावायला ठेवलेलं इंजिन विकाऊ होतं. कोळणींनी भर बाजारात पंखा फिरवणाऱ्या या मास्तरांभोवती गर्दी केली, त्यांना वारा खायला बसवलं आणि चहा पाजला. इंजिन तेल बेताचं पीत होतं, पण उचलायला चार माणसं लागत. वडील संध्याकाळी घरी आले तेव्हा पंख्याला सुकटीचा वास येत होता. आई तोंडाला पदर लावून हसली आणि हसता हसता खोकली.

तिसरं सापडलं ते पनवेलच्या मोटारस्टँडजवळच्या गॅरेजमध्ये. लढाई संपल्यावर लष्कराने विकून टाकलेल्या सामानातलं, हिरव्या रंगाचं, दोन बाजूंनी कड्या असलेलं. दोघांनी धरलं की सहज उचलायचं. पेट्रोलचे चार थेंब देऊन दोरीने सुरू करायचं आणि तापलं की तोटी फिरवून रॉकेलवर टाकायचं. गॅरेजवाले चाचा म्हणाले, "मास्तरसाब, धूर थोडा जास्त देतं, पण तेलाच्या बाबतीत फकीर आहे." वडिलांनी बाटली ओतली आणि घड्याळ काढलं. लाउडस्पीकरवाल्याच्या इंजिनाच्या दुप्पट वेळ पंखा फिरला. वडिलांचा चेहरा असा फुलला होता की मी शाळेतून परत येताना रस्त्यावरूनच ओळखलं, ठरलं.

धुराचं त्यांनी ऐकून घेतलं नाही असं नव्हे. दम्याच्या माणसाच्या घरात धूर चालणार नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. म्हणून त्यांनी इंजिन ठेवायच्या जागेचाही हिशेब केला. रोज दुपारचा चहा झाला की ते परसात जाऊन उदबत्ती लावायचे आणि धूर कुठे जातो ते बघायचे. चार दिवस धूर घराकडे पाठ करून डोंगराकडे गेला. वारा खाडीकडून येतो आणि डोंगराकडे जातो, हे सिद्ध झालं. परसाच्या टोकाला, न्हाणीच्या पलीकडे, चार विटांवर इंजिन बसलं. तिथून आईच्या खोलीपर्यंत वायर ओढली. एवढ्याशा पंख्यासाठी एवढं धूड, नाकापेक्षा मोती जड, असं शेजारी म्हणाले. वडिलांनी मनावर घेतलं नाही.

आठ-दहा दिवसांनी पहाटे लाइट गेली. थंडीचे दिवस होते आणि आईला नुकताच श्वास लागला होता. वडील अक्षरशः धावत परसात गेले, मी कंदील घेऊन मागे. तिसऱ्या दोरीला इंजिन धडधडलं. खिडकीतून, आतल्या दुसऱ्या कंदिलाच्या उजेडात, पंखा फिरताना दिसला आणि वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जे ते कधी करत नसत. मग ते तिथेच उकिडवे बसले. तोटी फिरवली, बाटलीतलं तेल बघितलं, पुन्हा घड्याळ बघितलं. मधूनच खिडकीशी जाऊन ओरडून विचारत, वारा येतो ना? आई आतून हात वर करी. आम्हाला धुराचा वास येत होता, पण आम्ही इंजिनाशेजारीच होतो. तो येणारच, असं आम्हाला वाटलं.

अर्ध्या तासाने लाइट आली. आम्ही आत गेलो तर दिव्याभोवती खोली निळसर झाली होती. आई पदराचा बोळा नाकाशी धरून भिंतीला टेकली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि श्वास इतका वर लागला होता की तिला मान हलवता येत नव्हती. मी डॉक्टरांकडे धावले. त्यांनी येऊन इंजेक्शन दिलं. उजाडल्यावर आईला झोप लागली. वडील तिच्या उशाशी बसून होते, आणि त्यांच्या बोटांना रॉकेलचा वास येत होता.

सकाळी विचुंब्याहून भाजी घेऊन येणारी आगरी बाई दारात टोपली उतरवत होती. काय झालं ते मी तिला सांगितलं. तिने परसात जाऊन इंजिन पाहिलं, मग घर पाहिलं आणि वडिलांना म्हणाली, "मास्तर, दिसाचा वारा खाडीचा न् पाटंचा वारा डोंगराचा. आमच्या मिठागरावं पोरांना बी ठावं हाय. तुमाला कुनी सांगलंच नाय?"

वडिलांनी चारही दिवस उदबत्ती लावली होती ती दुपारच्या चहानंतर. समुद्राकाठी दिवस मावळल्यावर वारा उलटतो, हे देशावरच्या माणसाला ठाऊक नव्हतं, आणि वीस वर्षं पनवेलमध्ये काढूनही त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. त्यांनी तिला हात जोडले. मग आम्ही दोघांनी कड्यांना धरून इंजिन उचललं आणि घराच्या पुढच्या अंगाला, खाडीच्या बाजूला आणून ठेवलं. दिवसा मागे आणि रात्री पुढे, असा नियम झाला.

दुपारी आई जागी झाली. मी तिला पेज भरवत होते. वडील येऊन उभे राहिले आणि त्यांनी तिला विचारलं की धूर येत होता तर सांगितलं का नाही. नुसता हात का वर करत होतीस? त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो कुणावरचा आहे हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"तुम्हाला किती आनंद झाला होता," आई म्हणाली. मग थोडा दम घेऊन म्हणाली, "यंत्र चांगलं आहे. पण लाइट गेली की तुम्ही दोघंही त्याच्यापाशी जाता. श्वास अडकला की मला वाटतं, हा आता शेवटचा. तेव्हा कुणीतरी जवळ असावं."

दोन महिने आम्ही बाटल्या मोजल्या, वारा मोजला, आणि आईला काय हवं ते कुणीच विचारलं नव्हतं. मी चमचा वाटीत ठेवला. वडील खाली बसले आणि त्यांनी तिचा हात धरला. माझ्यासमोर त्यांनी असं कधी केलं नव्हतं, म्हणून मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि चुलीपुढे बसून रडले.

त्याच संध्याकाळी वडिलांनी मला इंजिन सुरू करायला शिकवलं. स्वतःच्या छत्रीलाही कुणाचा हात लागू न देणारे वडील, पण दोरी माझ्या हातात दिली आणि तोटी कधी फिरवायची ते तीनदा सांगितलं. त्यानंतर पहाटे लाइट गेली की इंजिनापाशी मी जायची, ते जायचे नाहीत.

आई आणखी सात वर्षं होती. तेवढ्या काळात मी कितीतरी पहाटे त्या इंजिनाशेजारी शाल पांघरून बसले. पुढच्या खिडकीतून पंखा फिरताना दिसायचा, उश्यांवर वाकलेली आई दिसायची आणि तिच्या पाठीवरून हात फिरवणारे वडील दिसायचे. ते तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत असायचे, आणि श्वास जरा बसला की तीही बोलायची. दिवसा या दोघांत भाजी आणि दळणापलीकडे बोलणं नसे. तिथे काय चालायचं ते इंजिनाच्या धडधडीत मला एकदाही ऐकू आलं नाही. कधी कधी लाइट परत यायची, वर रस्त्यावरचा दिवा लागायचा, तरी मी आणखी थोडा वेळ इंजिन बंद करत नसे.