जाण्याची तारीख

वेसेलिंका दारिंकाच्या शेजारात लहानाची मोठी झाली होती, म्हणूनच पोलीस ठाण्याच्या खिडकीमागे ती इतका वेळ शांत बसली. दुसऱ्या कोणाशी ती अशी वागली नसती.

"मावशी, डॉक्टरांचं पत्र आहे, पासपोर्ट आहे, मुदत वाढवायचा अर्ज आहे. पांढरं कार्ड कुठंय?"

पांढरं कार्ड नव्हतं. परदेशी माणूस घरात उतरला की घरमालकाने ठाण्यावर जाऊन नोंद करायची आणि ते कार्ड आणायचं, हे माली झ्वोर्निक या सीमेवरच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दारिंकालाही होतं. आयुष्य कापडाच्या कारखान्यात घालवलेली, नवऱ्यामागे एकटीने घर चालवणारी बाई ती, तिला कायदा कळत नव्हता असं मुळीच नाही. तो तिला पटत नव्हता, एवढंच. आणि जे पटत नाही त्याच्यापुढे मान तुकवायची नाही, हा तिचा जन्मापासूनचा खाक्या.

रिम्मा रशियातून टुरिस्ट म्हणून आलेली. मुलगा बेलग्रेडला नोकरीला, त्याचं घर लहान, तिथे जागा नाही, असं तिने आल्या दिवशी सांगितलं आणि दारिंकाची मागची खोली भाड्याने घेतली. पण भाडेकरू ती आठवडाभरच होती. घराण्याच्या संताचा सण आला, दारिंकाने तिला पंगतीत आपल्या शेजारी बसवलं, सणाची पोळी तिच्या हाताने मोडवली, आणि तेव्हापासून ती पाहुणी झाली. आता पाहुणीची वर्दी पोलिसांत द्यायची? बरं, तेवढंही दारिंका गिळायला तयार होती. ती ठाण्यावर गेलीही होती. पण वेसेलिंकाने नाव, पत्ता लिहून घेतला आणि विचारलं, "जाणार कधी?"

दारिंकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्यात पाहुण्याला हा प्रश्न विचारत नाहीत. तिच्या आईने एकदा जेवताना चुलत दिराला सहज विचारलं होतं, तुमची बस किती वाजता? तो भरल्या ताटावरून उठला, आणि त्या घरची माणसं नंतर थेट आईच्या मयतीलाच आली. असल्या घरातली दारिंका सरकारसाठी हा प्रश्न विचारणार होती होय? तिने पासपोर्ट उचलला, घरी आली आणि रिम्माला सांगितलं, "झालं सगळं काम."

झालं काहीच नव्हतं. पण तेव्हा ते खपून गेलं. दर महिन्याला दोघी द्रिना नदीच्या पुलावरून चालत बोस्नियात जायच्या, तिथे कॉफी प्यायच्या, आणि परतताना रिम्माला आणखी महिनाभर राहण्याचा नवा शिक्का मिळायचा. मग जानेवारीत बर्फावरून घसरून रिम्माचा पाय मोडला. पायाला मांडीपर्यंत प्लॅस्टर. पूल राहिला बाजूला, तिला अंगणसुद्धा ओलांडता येईना. शिक्क्याची मुदत शुक्रवारी संपत होती. मुदत वाढली नाही तर तिला देशाबाहेर घालवणार होते, वर पुन्हा यायला बंदी. म्हणजे मुलगाही तुटला आणि नातूही.

"दंड भर, मी कार्ड आज देते," वेसेलिंका म्हणाली. "पण जाण्याची तारीख पाहिजे."

"बरी झाली की जाईल, असं लिही."

"तारीख, मावशी."

"तूच टाक एखादी."

"मी कशी टाकू? त्यांना विचार ना. फोन कर इथून."

फोनवर तर नाहीच नाही. दारिंका वैतागून घरी आली आणि संध्याकाळभर आडून आडून खडे टाकत बसली. आलुबुखारे ऑगस्टात पिकतात, म्हणाली. रिम्मा म्हणाली, वा. उन्हाळ्यात रशियात हवा छान असेल नाही? रिम्मा म्हणाली, डास फार. नातवाची शाळा कधी सुरू होते? रिम्माने नातवाचे फोटो काढले आणि एकेक दाखवत बसली. दारिंकाला त्या फोटोंचाही राग आला, पायाचा आला, सरकारचा तर आलाच. सूप वाढताना डाव भांड्यात आपटून ती म्हणाली, "पण तू जाणार कधी?"

रिम्माने चमचा खाली ठेवला.

"मुलाला उद्या फोन करते," ती म्हणाली. "येईल न्यायला."

मग दारिंकाचा बांध फुटला. कार्ड काढलंच नव्हतं, आपण धडधडीत खोटं बोललो, त्या खिडकीतल्या पोरीला तारीख हवी आहे, सगळं तिने एका दमात सांगितलं, आणि तेही असं की जणू चूक रिम्माचीच आहे. सूप गार झालं.

"मुलाच्या घरी जागा आहे," शेवटी रिम्मा म्हणाली. "मोठं घर आहे. पण सुनेने तिसऱ्या दिवशी विचारलं होतं, आई, तुमचं तिकीट कधीचं? तू विचारत नव्हतीस, म्हणून मी इथे राहिले."

दारिंकाने उठून सूप परत गरम केलं.

सकाळी तिने दंड भरला आणि कायद्यात बसेल ती सगळ्यात लांबची तारीख लिहायला सांगितली. वेसेलिंकाने लिहिली. हा कागद मी ट्रंकेत टाकणार, तिच्या नजरेस पडू देणार नाही, असं दारिंका म्हणाली.

"तसं चालत नाही, मावशी. खाली त्यांची सही लागते."

दारिंकाने सरकारला दोन ठेवणीतल्या शिव्या दिल्या आणि कागद घेऊन घरी आली. तो तिने रिम्माच्या मांडीवरच्या ताटलीवर धरला आणि सहीची जागा दाखवली. तारखेवर तिने अंगठा दाबून ठेवला होता. रिम्माचा चष्मा डोळ्यांवरच होता. तिने अंगठ्याकडे पाहिलं, त्याच्या खाली सही केली, आणि तो बाजूला घे असं काही म्हणाली नाही.