साफ केलेल्या तलावाचा सर्वे

तलावात स्वच्छ पाणी दिसलं आणि चुकीच्या गावात आले की काय, असं वाटलं. जिंतूर तालुक्यातल्या त्या गावात मी जलपर्णीचा नकाशा करायला गेले होते, आणि जलपर्णीच गायब. पंधरा दिवसांपूर्वीच्या सॅटेलाइट फोटोत तलाव काठोकाठ हिरवा होता.

पाण्यातल्या वनस्पती मोजणं हे माझं काम. पाण्यावर पाइपची चौकोनी फ्रेम ठेवायची, आत किती झाकलंय ते लिहायचं. मग दोरीला बांधलेलं दाताळं तळाशी ओढून वर काय येतं ते बघायचं, जीपीएस पॉइंट घ्यायचा. निम्म्याहून जास्त तलाव झाकलेला निघाला, तरच गावाला जलपर्णी काढायचं मशीन मिळणार होतं. मशीन नाही, तर मासेमारांना जाळं टाकायला जागा नाही. त्यांचं पोट त्यावर होतं.

सरपंच देवराव हार घेऊन उभे होते.

"जलपर्णी कुठंय?"

"काढली की. तुमी येणार म्हणून हापिसातून फोन आला व्हता. आठ दिस सगळं गाव लागलं. बाया कापूस वेचायचा सोडून पाण्यात उतरल्या. पाहुण्याला घाण दाखवायची का मॅडम?"

काठावर सडक्या जलपर्णीचे ढीग होते. शेजारी गंगाराम नावाचे म्हातारे मासेमार कपाळाला हात लावून बसले होते. "मी म्हणलो व्हतो ऱ्हाऊ द्या. कोण ऐकायलंय?"

तरी दाताळं टाकलं. वर चिखल आला, आणि एक चप्पल. ती एका बाईने लगेच ओळखली आणि घेऊन गेली.

परभणीच्या ऑफिसात माझ्या साहेबांना फोन लावला. "सर, ढीग मोजू का?"

"ढिगाचा कॉलम फॉर्ममध्ये नाही. आणि आठ दिवसांत हाताने निघाली, तर मशीन कशाला?"

मी देवरावांना तेच विचारलं.

"मॅडम, सायब लोक काय रोज येतेत का?"

मी फॉर्म काढला. मग ते हळूच म्हणाले, "परत टाकू का?"

खरं सांगते, मोह झाला. पण फॉर्मवर शून्य टक्के लिहिलं आणि खाली फेरतपासणीची शिफारस केली. निघताना गंगारामांनी माझ्याकडे पाठ फिरवली. मला फार वाईट वाटलं.

जलपर्णीचा एक तुकडा मागे राहिला तरी तिला परत पसरायला पुरतो. दोन महिन्यांनी कुणालाही न कळवता गेले. तलाव पुन्हा गच्च भरला होता. गंगारामांनी फ्रेम स्वतः उचलली आणि दिवसभर माझ्याबरोबर फिरले. निम्म्याच्या कितीतरी वर आकडा गेला.

देवराव शर्टाची बटणं लावत धावत आले.

"मशीन मिळणार, देवराव."

"मिळंल हो. पण सांगून तरी यायचं. पाहुणा असल्या घाणीत उतरवला, गावाची काय इज्जत ऱ्हायली?"

पुढच्या महिन्यात मशीन आलं. तेव्हापासून सर्वेची तारीख मी कुणालाच सांगत नाही. साहेबांनाही नाही.