पिल्लं पोहायला लागली की

दुपारचं जेवण आवरून मी चटईवर आडवी होते. पंख्याची घरघर लांब लांब जाते, पापण्या जड होतात, आणि अप्पा दार न उघडताच आत येतात.

अप्पा म्हणजे माझे वडील. गेल्या पौषात गेले. त्यांचा फायटर मासा माझ्याकडे राहिलाय, खिडकीतल्या बरणीत. अप्पा माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत, सरळ तिकडे जातात.

"पाणी बदललंस?"

"बदललं. खुशीत आहे तो. बघा, वर फेसाचं घरटं बांधलंय."

"खुशी कसली, पमे? मादीची वाट बघतोय."

ते बरणीला आरसा लावतात. मासा गलफडं फुगवून काचेवर धडका देतो. अप्पा हसतात. "जगात आपण एकटेच असावं असं वाटतं याला."

आता आम्ही कराडच्या एसटी स्टँडवर आहोत. फलाटावर घोटाभर पाणी. बाकाबाकांमध्ये पुठ्ठे उभे केलेत, मासे एकमेकांना दिसू नयेत म्हणून अप्पा बरण्यांमध्ये लावायचे तसे. एका पुठ्ठ्याआड रमाकांत कुंभोजकर बसलाय. मला बघायला आला होता. मला आवडलाही होता. नंतर त्यांच्याकडून निरोपच आला नाही. आज तो अजून तेवढाच तरुण आहे, आणि मान वर करत नाही.

"याला काय सांगितलं होतं तुम्ही?"

"तुला आकडी येते म्हणून."

"मला कधी आली आकडी?"

"नाही आली. पण तो परत आला का?"

पाणी गुडघ्यापर्यंत चढतं. अप्पा शिकवल्यासारखं बोलत राहतात. "मादीनं अंडी टाकली की तिला लगेच बाहेर काढायचं, नाहीतर नर तिला फाडतो. पुढचं सगळं तोच करतो. पिल्लू खाली पडलं तर तोंडात धरून घरट्यात नेऊन ठेवतो. एकही बुडू देत नाही."

त्यांचा आवाज मऊ होतो. आई वारल्यावर माझ्या वेण्या त्यांनीच घातल्या.

"आणि पिल्लं पोहायला लागली की?"

"मग त्यालाही काढायचं. नाहीतर खातो."

"तुम्हाला कुणी काढलं नाही, अप्पा."

"कोण काढणार? तुझी आई मेलेली. आणि तू माझ्यासाठी भाकऱ्या थापत होतीस."

मी त्यांची मान धरते. गार, निसरडी. ते सोडवून घेत नाहीत, नुसते गाल फुगवून माझ्याकडे बघतात. मी मूठ आवळते. आणखी आवळते. मला बरं वाटतं.

जाग येते तेव्हा मी खिडकीपाशी उभी आहे. हात कोपरापर्यंत ओला, बाहीतून पाणी ठिबकतंय. मासा बरणीच्या तळाशी एका अंगावर पडलाय.

मी मूठ उघडते. तळहाताला निळ्या शेपटीचा तुकडा चिकटलाय, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ.