खोट कुणाची?

वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या दवाखान्यात मी माझ्या नंबरची वाट पाहत होते. शेजारी एक तरुणी, तिचा नवरा आणि सासूबाई बसल्या होत्या. प्रयोगशाळेत ज्या द्रवात त्या जोडप्याचे गर्भ वाढवले होते, त्यातल्या रेणूंच्या तपासणीचा रिपोर्ट आला होता. गर्भ रुजण्याची शक्यता कमी होती, हे त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं.

सासूबाई हातातला रिपोर्ट हलवत मोठ्याने म्हणाल्या, "हिच्यातच खोट आहे." नवरा मोबाइलमधून डोकं वर काढेना.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची रेणूंपर्यंत पारख करायला आपण शिकलो, पण दोष द्यायला अजून बाईच लागते! मी म्हणाले, "काकू, त्या गर्भात निम्मा वाटा तुमच्या मुलाचाही आहे."

सुनेने त्यांच्या हातातून रिपोर्ट काढून घेतला आणि नवऱ्यासमोर धरला. "वाचा," ती म्हणाली, "दोघांचा आहे."