कारंज्याच्या जागी विहीर होती

माझे सासरे साताऱ्याकडच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. ते चंदीगडला आमच्याकडे आले तेव्हा पंजाबात दहशतवादाची वर्षं चालू होती; रोज कुठेतरी गोळीबार, कुठेतरी बॉम्ब. नवरा एअर फोर्समध्ये, रजेचं नाव काढायची सोय नाही. त्यामुळे त्यांना शहर दाखवणं माझ्या गळ्यात पडलं. मी त्यांना सेक्टर सतराच्या चौकात नेलं. मधोमध कारंजं, भोवती काँक्रीटच्या इमारती, गाड्यांना आत मज्जाव. एरवी गजबजलेली जागा, पण त्या वर्षांत भरदुपारी शुकशुकाट असायचा, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर वाळूच्या पोत्यांआड पोलीस.

"इथे आधी काय होतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नव्हतं, बाबा. शहरच नवीन आहे."

"काही नव्हतं असं नसतं गं."

मग ते दिसेल त्याला विचारत सुटले. बुटांच्या दुकानदाराला, बँकेच्या शिपायाला, बंदूक घेतलेल्या हवालदारालाही. मी मागून ओशाळं हसत, "ऐसे ही पूछ रहे हैं जी," म्हणत फिरत होते. त्यांना हात जोडून घरी न्यावं असं वाटत होतं.

शेवटी बाकावर एक म्हातारे सरदारजी भेटले. "हमारा गाँव था जी यहाँ," ते म्हणाले. "आम के पेड़ थे. कुआँ वहाँ." त्यांनी कारंज्याकडे बोट दाखवलं. झालं. सासरे हातातली थैली बाकावर टाकून तरातरा कारंज्याकडे निघाले. मी त्यांच्यामागे धावले. विहीर किती रुंद असेल याचा ते पावलं टाकून अंदाज घ्यायला लागले.

तेवढ्यात शिट्ट्या वाजल्या. पोलीस लोकांना हुसकत होते, दुकानांची शटर्स धडाधड खाली येत होती. बाकावरची थैली कुणाची, असं हवालदारानं विचारलं होतं, आणि सरदारजींनी खरं ते सांगितलं, माझी नाही. बेवारस थैली म्हणजे बॉम्ब, पोलिसांना तेवढं पुरलं. दोघा पोलिसांनी सरदारजींचे दंड धरले होते. झटापटीत पगडी सुटून खांद्यावर आली होती.

सासरे सरळ त्यांच्यात घुसले. "थैला हमारा है. इनको छोडो. हम मास्तर है."

पोलिसांच्या इन्स्पेक्टरनं सासऱ्यांनाच थैली उघडायला लावली. आत थर्मास, स्वेटर आणि चिवडा.

"मॅडम, बुज़ुर्गों को सँभाला कीजिए," इन्स्पेक्टर मला म्हणाला. सरदारजींची कुणी साधी माफीही मागितली नाही. तासभर मी सासऱ्यांवर वैतागले होते. आता तो वैताग त्या इन्स्पेक्टरवर काढावासा वाटला, पण बोलायची छाती झाली नाही. मुकाट्यानं मान डोलावली आणि स्वतःवरच चिडले.

सरदारजी बाकावर बसून पगडीचं कापड सोडवत होते. सासऱ्यांनी न विचारता दुसरं टोक धरलं, मागे सरकत कापड ताणलं. दोघांनी मिळून घडी घातली. सरदारजींनी पगडी पुन्हा बांधली.

"माफ करना," सासरे म्हणाले. "आपके गाँव का नाम?"

"छड्डो जी," म्हणत, जाऊ द्या अशा अर्थी हात हलवत सरदारजी उठले आणि बस स्टँडकडे चालू लागले.

सासरे आणखी आठवडाभर होते. सुखना तलाव, गुलाबाची बाग, सगळं पाहिलं. कुठेही कुणाला काही विचारलं नाही.